म्हशाच्या जत्रेत खेळघर

हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल, आम्हीही आमचं बरंचसं काम तसंच करतो. आम्ही शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या चार गावांमधल्या बचत गटांच्या बाया. या कार्यक्रमात आम्ही आधी पापडावर बोललो, शेळ्यांच्या लसीवर बोललो. आज खेळावर बोलणार आहोत. खेळावर बोलायला काय आहे, असं आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या होत्या. त्यांनाही आज शेजारी बसवलंय.

म्हशाची जत्रा तुम्हाला माहीतच आहे. पौष पौर्णिमेला भरते. म्हसोबाचं, खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलबाजार, घोंगड्या, भांडी, मिठाई, आकाशपाळणा. आपल्याकडे वर्षाची खरेदी या जत्रेला राखून ठेवायची पद्धत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका आजीनं तेरा वर्षांच्या नातवाच्या हातात ५०० रुपये दिले आणि सांगितलं, मी दर्शनाच्या रांगेत आहे, तू घोंगडीवाल्याकडे जाऊन उभा राहा, भाव काढून ठेव. आजी रांगेतून बाहेर आली तेव्हा पोरगा एका पालाच्या मागे बसून रडत होता. पाचशेतले चाळीस उरले होते. बाकीचे सोरटावर गेले.

त्या आजीनं त्याला मारलं नाही. ती म्हणाली, "आता थंडी काढू तशीच." आणि त्यांनी खरंच तशीच काढली. मुलगा महिनाभर कुणाशी बोलेना. आमच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा पहिल्यांदा सगळ्या जणी त्या पोरावर तुटून पडल्या. मग एकीनं विचारलं, "पण त्याला आधी कुणी सांगितलं होतं का, सोरट म्हणजे काय ते?" कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून आम्ही जमिनीवर खडूनं सहा चौकोन काढले आणि खेळून बघितलं.

तुम्हीही बघा. सहा चित्रं आहेत. समजा, सहा जणी बसल्या आणि प्रत्येकीनं एकेका चित्रावर दहा रुपये लावले. पटावर साठ रुपये आले. एक चित्र लागलं. मालक म्हणतो, दहाचे पन्नास घ्या. जिंकणारीला वाटतं, पाचपट मिळाले! पण साठातले दहा मालकाच्या खिशात गेले. पुन्हा डाव, पुन्हा दहा. सहा डाव झाले की आम्ही मिळून आणलेल्यातले साठ रुपये गेलेले असतात, आणि आमच्यातली प्रत्येक जण म्हणत असते की अगं, मी मघाशी जिंकले होते. मालकाला लबाडी करायची गरजच नाही. पटच तसा आखलेला आहे. कुठे पाचपटीऐवजी चौपट देतात, तिथे खिसा आणखी लवकर भरतो. आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ सालापासून आहे, तरी कंदिलाच्या उजेडात पाल पडायचं ते पडतंच.

मुलगा नंतर बोलला तेव्हा त्यानं एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनात राहिली. म्हणाला, "पहिल्यांदा मी जिंकलो होतो. मग शेजारचंच चित्र लागत होतं. वाटायचं, आता माझंच." शेजारचं चित्र लागलं म्हणजे आपण जवळ आलो, असं त्याला वाटत होतं. सोरटात जवळ असं काही नसतं. पण तेराव्या वर्षी हे कसं कळावं? तिसाव्या वर्षीही कळत नाही. आमच्या घरांतले काही पुरुष मोबाइलवर रमी खेळून कर्जात गेलेत, त्यांनाही तसंच वाटत होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण झालेली कर्जं अजून आम्हीच फेडतोय.

तर जत्रेत मुलांना नेऊ नये का? एका ताईंचं म्हणणं तसंच होतं. दुसरी म्हणाली, "वर्षातनं एकदा पोर दुनिया बघतं, तेही बंद करू?" बरोबर आहे. मुलं खेळणारच. मग ठरलं की आपणच जत्रेत एक पाल टाकायचं, खेळांचं. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बसायचं आणि येताना जेवढे पैसे दिले त्याहून एक रुपया जास्त जाणार नाही. नाव ठेवलं खेळघर.

आता त्यात खेळायचं काय, हे मुलांना विचारलं. त्यांनी वह्या आणून दाखवल्या. वह्यांत राक्षस! पानोपानी. शिंगांचे, शेपट्यांचे, पोटात वीज असलेले. प्रत्येकाचं नाव, वजन, तो काय खातो, कुणाला घाबरतो. पिकाचू तेवढा आम्हाला ओळखता आला, कारण कार्टूनवर तो आम्हीही पोरांच्या खांद्यावरून बघितलेला. आमच्यातल्या ज्या आता आया आहेत, त्यांच्या शाळेच्या दिवसांत वेफर्सच्या पाकिटातून टाझो निघायचे. त्यासाठी वेफर्स फेकून देणारी पोरंही आम्ही बघितलीत.

हे पोकेमॉन प्रकरण कुठून आलं ते आम्ही जरा समजून घेतलं, आणि ऐकून नवल वाटलं. सातोशी ताजिरी नावाच्या जपानी माणसाच्या डोक्यातून ते निघालं. तो टोकियोच्या बाहेर माचिदा नावाच्या गावात वाढला. तिथे तेव्हा भातखाचरं होती, तळी होती, झाडी होती. हा मुलगा किडे गोळा करायचा. पुढे शहर वाढलं, खाचरांवर घरं उठली, किडे गेले. मोठेपणी त्याला वाटलं, आताच्या पोरांना तो शोधायचा आनंद मिळावा. म्हणून त्यानं १९९६ साली खेळ काढला. हातात मावणारं यंत्र, आणि त्यात रानोमाळ फिरून १५१ प्रकारचे प्राणी जमवायचे. गंमत म्हणजे खेळाच्या दोन आवृत्त्या होत्या आणि काही प्राणी एकीत मिळायचे, काही दुसरीत. दोन यंत्रांना तार जोडून अदलाबदल केल्याशिवाय सगळे जमायचेच नाहीत. म्हणजे मित्र पाहिजेच.

आम्हाला भातखाचराचं ऐकून आपलीच आठवण आली. काडेपेटीत सोनकिडा ठेवणं, पहिल्या पावसात चिंबोऱ्यांमागे रात्री बत्ती घेऊन जाणं, हे आपल्याकडे अजून आहे. किती दिवस राहील ते समृद्धी महामार्ग आणि प्लॉटिंगवाले जाणोत.

त्याच खेळात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यामुळेच आम्ही आमचा बेत आखला. त्या गोष्टीतल्या एका शहरात जुगारघर आहे. नाणी विकत घ्यायची, यंत्रात टाकायची, चित्रं जुळली तर आणखी नाणी. पुरेशी झाली की त्यांच्या बदल्यात प्राणी मिळतात. एक प्राणी तर सुरुवातीच्या खेळात फक्त तिथेच मिळायचा. आणि त्या जुगारघराच्या तळघरात कोण राहतं? चोरांची टोळी! भिंतीवरच्या चित्रामागे कळ असते, ती दाबली की जिना उघडतो. लिहिणाऱ्यालाही माहीत होतं म्हणायचं, अशा घराखाली कोण असतं ते. पण लहान मुलांच्या खेळात हे कशाला, असा प्रश्न पुढे देशोदेशी आला. मग २०१० साली जपानबाहेर जी नवी आवृत्ती गेली, तिच्यातून ती यंत्रं काढली आणि त्या जागी आकड्यांचं एक कोडं ठेवलं. तिथे नाणी पैशानं विकत मिळेनात. खेळूनच मिळवायची.

आमच्या खजिनदारबाईंनी हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. म्हणाल्या, "झालं की मग. आपली नाणी विकायचीच नाहीत."

आमची नाणी म्हणजे चिंचोके. खेळघरात शिरताना प्रत्येक मुलामागे दहा रुपये, आई आणि आजी फुकट. आत गेल्यावर पैसा चालतच नाही. चिंचोके खेळून मिळतात, हरलं तर त्या डावातले चिंचोके जातात, खिशातलं काही जात नाही. पाच चिंचोके जमले की एक चित्रपत्ता. पत्त्यावर मुलांनीच काढलेला राक्षस.

पत्ते कसे द्यायचे यावर मात्र आमचं भांडण झालं. एक ताई म्हणाली, पाकिटं बंद ठेवू, आत कोणता पत्ता ते कळायला नको, म्हणजे मुलं पुन्हा पुन्हा खेळतील. दुसरी म्हणाली, "अगं, हे तर सोरटच झालं, फक्त कागदात गुंडाळलेलं." खूप वेळ वाद चालला. बंद पाकिटात मजा असते हे खरंय, आम्हालाही लग्नातल्या भेटीची पिशवी उघडताना मजा वाटतेच. पण शेवटी ठरलं की पत्ते दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्यासारखे उघडे लावायचे. मुलानं बघायचे, हवा तो मागायचा.

आता आमचे राक्षस ऐका. मुलांना आम्ही एकच सांगितलं होतं, टीव्हीतले नकोत, आपल्या मुलखातले आणा. पहिले दोन दिवस काही सुचेना. मग जे सुरू झालं ते थांबेना. डोहात राहणारा चिंबोबा, त्याची एक नांगी तुटली की दोन येतात. काजवीण, जी मृगाच्या आधी झाड पेटवते आणि कुणाला चटका लागत नाही. माहुलीचा सुळकोबा, किल्ल्याच्या सुळक्यासारखा उभाच्या उभा, पाठ टेकून झोपतच नाही. आणि सहावीतल्या एका मुलीनं काढलेला नळखाऊ. हा लांबच लांब, पाइपासारखा. तोंड तानसा-भातसाच्या धरणात आणि शेपूट थेट मुंबईत. त्याची खासियत तिनं लिहिली होती: "पोट कधीच भरत नाही. उन्हाळ्यात त्याच्या शेजारच्या गावाला टँकर लागतो." आम्ही बाया तो पत्ता हातात घेऊन गप्प झालो. धरणाच्या पाण्याकडे बघत हंडा घेऊन टँकरची वाट आम्हीच बघतो ना. या राक्षसाला हरवायचं कसं, तेही तिनं लिहिलं होतं: सगळ्या गावांनी एकदम बोललं तर तो आकसतो.

दुर्मिळ पत्ता कोणता असावा, हा मुलांसाठी मोठा प्रश्न. अशा खेळात एक तरी सहज न मिळणारा लागतोच. आम्ही म्हटलं, खोटा कशाला, खराच आहे की आपल्याकडे. रानपिंगळा. घुबडाच्या जातीतला, मूठभर पक्षी, पण दिवसाढवळ्या फिरतो. शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं. १९९७ साली नंदुरबारकडे शहाद्याच्या जंगलात पुन्हा सापडला आणि २०१४ साली आपल्या तानसाच्या रानात दिसला. हे सांगितल्यावर गलोल खिशात असलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. रानपिंगळ्याचा पत्ता चिंचोक्यांना मिळत नाही असं ठरवलं. ज्याला आपल्या घराभोवतीच्या पाच पक्ष्यांची नावं आणि आवाज येतात त्याला तो मिळतो. आवाज तोंडानं काढून दाखवायचा. कावळा धरत नाही.

साप काढायचे की नाही यावर आम्ही आधी नको म्हटलं, पकडायचा खेळ आणि साप एकत्र नको. पण मुलं भाताच्या आव्यात हात घालतात, त्यांना साप माहीत हवेतच. म्हणून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचे पत्ते केले, पण ते जमवायचे नाहीत. ते पटाच्या मध्ये असतात. त्यांच्या घरात सोंगटी पडली की दोन वाटा. भगताकडे गेलं तर तीन डाव गमावले. सरकारी दवाखान्यात गेलं तर एकच डाव थांबायचं, मग पुढे. एका आजोबांना हे आवडलं नाही, तसं त्यांनी सांगितलंही. आम्ही घर बदललं नाही.

खेळांमध्ये सगळ्यात चालला तो विंचूपट. तो आम्ही त्या जपानी कोड्यावरून बेतला. पुठ्ठ्याच्या पाच ओळी, ओळीत पाच घरं, एकूण पंचवीस. प्रत्येक घरावर झाकण. झाकणाखाली एक, दोन किंवा तीन हा आकडा असतो, नाहीतर विंचू. प्रत्येक ओळीच्या टोकाला लिहिलेलं असतं, या ओळीत आकड्यांची बेरीज किती आणि विंचू किती. खाली उभ्या ओळींनाही तसंच. आता समजा टोकाला लिहिलंय, बेरीज पाच, विंचू नाही. मग डोळे मिटून सगळी झाकणं उघडा, सगळे एकच असणार. पण लिहिलंय, बेरीज चार, विंचू तीन? मग दोनच घरं चांगली, आणि त्यात दोन-दोन असतील नाहीतर एक-तीन. आता उभी ओळ बघा आणि ठरवा. मूळ कोड्यात गुणाकार असतो, आम्ही बेरजेवर भागवलं. थोडं नशीब आहेच, नाही म्हणणार नाही. पण डोकं लावणारा बहुतेकदा वाचतो. सोरटात डोकं लावून काही होत नाही, हा फरक मुलांना आम्हाला समजावून सांगावाच लागला नाही. आमच्या एका मावशींना अक्षर ओळखता येत नाही, आकडे येतात. त्यांनी तीन दिवसांत एकदाही विंचू उघडला नाही. कॉलेजातली मुलं त्यांच्याशेजारी बसून शिकत होती.

पाल बांधतानाची एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यात आम्ही घाबरलेलो होतो. २५ मे २०२४ ला गुजरातमध्ये राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली. सुट्टीचा काळ, शनिवारची संध्याकाळ, आत मुलं. वेल्डिंगचं काम चालू होतं आणि अग्निशमनचा दाखला नव्हता. २७ माणसं गेली. बातमी आम्ही सगळ्यांनी बघितली होती. म्हणून मंडपवाल्यानं तीन बाजू बंद करून एक दार ठेवतो म्हटलं तेव्हा आम्ही काम थांबवलं. समोरासमोर दोन मोकळी दारं, दोन्हींच्या मध्ये एकही टेबल नाही. पडदे सुती, प्लॅस्टिकचे नाहीत. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून, आकडा टाकून नाही. चहाचा स्टोव्ह पालाबाहेर वीस पावलांवर. वाळूच्या चार बादल्या. आणि आत एका वेळी चाळीस माणसं, एकेचाळिसावा बाहेर थांबेल, मग तो सरपंचांचा पाहुणा का असेना. तसा प्रसंग आलाही. ते थांबले.

आवाज हा दुसरा मुद्दा. शेजारच्या पाळण्याचा भोंगा असताना आम्ही आणखी भोंगा लावला नाही. तान्ह्या बाळाच्या आईला बसायला कोपऱ्यात साडीचा आडोसा केला, आत पाट आणि पाण्याचा हंडा. हे आधी कागदावर नव्हतं, आमच्या सुनांनी मागितलं. आणि झालं काय, दूध पाजायला म्हणून आलेल्या बाया नंतर खेळायला बसल्या. जत्रेतल्या खेळांच्या रांगेत आपल्या मुली सहसा उभ्या राहत नाहीत, धक्काबुक्की असते. इथे आई आत आहे म्हटल्यावर मुली आल्या. दुसऱ्या दिवशी मुलांपेक्षा मुली जास्त होत्या.

आणि आज्या! सागरगोट्यांचं आसन आम्ही उगाच कोपऱ्यात टाकलं होतं. एक सत्तरीच्या पुढची बाई बसली, पाच सागरगोटे हातात घेतले, वर उडवले आणि हाताच्या पाठीवर असे झेलले की भोवती गर्दी झाली. मोबाइलवर अंगठा चालवणाऱ्या पोरांना दोन झेलता येईनात. ती म्हणाली, "आमच्या येळेला हेच होतं बाबा." तिनं जिंकलेले सगळे चिंचोके नातीला दिले, नातीनं त्यांचे पत्ते घेतले, आणि घरी जाताना आजीच मागत होती, तो शिंगवाला दाखव बघू.

आता चुकलं ते. तिसऱ्या दिवशी कळलं की पालामागे पत्ते विकले जाताहेत. रानपिंगळा वीस रुपयांना. ज्या मुलाला पाच पक्ष्यांचे आवाज येत होते, तो पत्ता मिळवून विकत होता आणि पुन्हा येऊन पुन्हा आवाज काढत होता. त्याची हुशारी कबूल केलीच पाहिजे. पण आम्ही पैसा दारातून बाहेर ठेवला आणि तो मागच्या कनातीखालून आत आला. रात्री बसून ठरवलं की पत्त्याच्या पाठीवर मुलानं आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं. अदलाबदल करायची तर दोघांनी समोरासमोर एकमेकांची नावं लिहायची. त्यानं विक्री बरीचशी थांबली. सगळी थांबली असं म्हणणार नाही.

पण एका गोष्टीवर आमचं एकमत आजही नाही. पोरं पत्ते जमिनीवर आपटून डाव खेळत होती, ज्याचा पत्ता उलटला त्याचा गेला. खजिनदारबाई म्हणतात, हा जुगारच, बंद करा. इतर काही जणी म्हणतात, आपण गोट्या अशाच खेळलो, हरलेल्या गोट्यांसाठी रडलो, त्यानं कुणाचं घर बुडालं नाही. या वर्षी हे कसं हाताळायचं ते ठरायचंय. तुमच्या गटात काय वाटतं ते आम्हाला कळवा.

हिशेब विचारणाऱ्या असतीलच, त्यांच्यासाठी सांगतो. बांबू आमचेच, पुठ्ठा दुकानदारांनी दिला, झेरॉक्स आणि रंग यांचा खर्च झाला, मंडपवाल्याला आणि वायरमनला पैसे दिले, जागेची ग्रामपंचायतीची पावती फाडली. खर्च वजा जाता फार उरलं नाही. शेजारच्या पालातल्या माणसानं एका रात्रीत आमच्या पाच दिवसांपेक्षा जास्त कमावलं असेल, हेही आम्हाला दिसत होतं. जे उरलं त्यातून एक घोंगडी घेतली, ती कुणासाठी ते तुम्हाला कळलं असेल. आजी आधी घेईना, दान नको म्हणाली. मग नातवानं सांगितलं की दान नाही, ही माझी मजुरी आहे. खरंच होतं ते. विंचूपटाची झाकणं त्यानंच कापली होती आणि पाचही दिवस दारात उभा राहून चाळीस माणसं मोजायचं कामही त्यानंच केलं होतं.

येत्या जत्रेसाठी नवे राक्षस हवेत. मुरबाड बाजूच्या गावांकडून यंदा आम्हाला काळू नदीचे आणि घाटावरच्या शेकरूचे पत्ते पाहिजेत, कारण गेल्या वेळी सगळे शहापूरचेच झाले अशी तक्रार आली, आणि ती बरोबर आहे. मुलांची चित्रं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, पाठीवर नाव, गाव आणि इयत्ता लिहून मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत तुमच्या गटाच्या अध्यक्षांकडे द्या. चिंचोके फोडू नका, धुऊन वाळवून ठेवा. दोन पायली लागतील.